प्रश्न क्रमांक २१

गेल्या सात वर्षांत आपण मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक किंवा अशा इतर कोणा तज्ज्ञाचा सल्ला घेतला होता का? अशा आशयाचा प्रश्न अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका लांबलचक अर्जात वर्षानुवर्षे विचारला जात असे. अर्जाचे नाव ‘स्टँडर्ड फॉर्म ८६’. शंभराहून अधिक पानांच्या या अर्जातला हा प्रश्न २१ क्रमांकाचा. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘हो’ असेल तर कोणाकडे गेलात, केव्हा गेलात, हे पत्त्यासकट लिहायचे.

प्रश्न तसा साधा दिसतो. पण या एका प्रश्नामुळे लाखो माणसांनी उपचार घ्यायचे की टाळायचे याचा निर्णय केला. आणि प्रश्न ज्या हेतूने विचारला गेला तो हेतू त्याने साधला का, हे तपासायला लागले की आपण थेट संभाव्यतेच्या गणितात जाऊन पोहोचतो. नववी-दहावीची मुले सहज करू शकतील असे हे गणित आहे.

शिक्षकांना हा विषय परका वाटू नये. ‘बाई, समुपदेशकाकडे नको पाठवू त्याला. कुठेतरी नोंद होईल आणि पुढे नोकरीच्या वेळी आडवी येईल,’ असे म्हणणारे पालक आपल्यापैकी बहुतेकांना भेटलेले असतात. दाखल्यावरच्या शेऱ्याची धास्ती आपल्या समाजाला जुनीच आहे. ती कितपत खरी, कितपत खोटी, हे पाहायचे तर ज्या देशात अशा नोंदीवर कित्येक दशके वाद झाला, नियम झाले आणि बदललेही, त्या देशाचा अनुभव उपयोगी पडतो. शिवाय अमेरिकेचे नागरिक झालेली मराठी मुलेमुली तिकडच्या सरकारी प्रयोगशाळांत, संरक्षणाची कामे घेणाऱ्या कंपन्यांत नोकरी करतात. त्यांच्यापुढे हा अर्ज प्रत्यक्ष येतो.

क्लिअरन्स म्हणजे काय?

सरकारची काही माहिती उघड झाल्यास देशाला धोका पोहोचतो. अमेरिकेत अशा माहितीच्या तीन पायऱ्या आहेत: गोपनीय, गुप्त आणि परमगुप्त. उघड झाल्यास नुकसान होईल ती पहिली, गंभीर नुकसान होईल ती दुसरी, अतोनात गंभीर नुकसान होईल ती तिसरी. ही माहिती हाताळण्यापूर्वी माणसाची चौकशी होते आणि तो पात्र ठरला तर त्याला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ मिळतो. २०१७ च्या सुमारास अशी पात्र माणसे ४० लाखांवर होती. यांत सगळे हेर किंवा सेनापती नसतात. जहाजावरचा रडार चालवणारा, गोदामातला कारकून, संगणकाची देखभाल करणारा, भाषांतरकार, अशी साधी नोकरी करणारी माणसेच त्यांत जास्त.

चौकशी तेरा मुद्द्यांवर होते. देशनिष्ठा, परदेशी संबंध, कर्जबाजारीपणा, दारू, अमली पदार्थ, गुन्हेगारी वर्तन, खोटे बोलण्याची सवय आणि या यादीत नववा मुद्दा मानसिक स्थितीचा. एकेका मुद्द्यावर माणूस पास-नापास होत नाही. सगळा माणूस एकत्र पाहून ठरवायचे, असे नियम सांगतो. मात्र एक मेख आहे. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदलाच्या एका खटल्यात सांगितले. शंका उरली तर तिचा फायदा देशाच्या सुरक्षेला द्यायचा, अर्जदाराला नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे गणित नेमके उलटे आहे. म्हणून साधी शंकाही इथे महाग पडते.

जुना आदेश आणि एक खगोलशास्त्रज्ञ

१९५३ च्या एप्रिल महिन्यात राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी नोकरांची सुरक्षेच्या दृष्टीने चौकशी कशी करायची हे त्यात होते. आजाराबद्दलचे त्यातले कलम वाचले तर आजही ते समंजस वाटते. निर्णयशक्तीत किंवा भरवशात मोठी उणीव येऊ शकेल असा आजार, मानसिक आजार धरून, असल्याचे जाणकार वैद्यकीय मत असेल तर त्याचा विचार करावा, आणि तो आजार तात्पुरता की टिकणारा हेही पाहावे, असे ते कलम सांगत होते. कागदावर सगळे ठीक होते. पण नियमाच्या शब्दांइतकेच तो कोणाच्या हाती पडतो याला महत्त्व असते. शंकेचा फायदा सुरक्षेला द्यायचा म्हटल्यावर, ‘डॉक्टरकडे गेला होता’ एवढीच गोष्ट शंकेला पुरेशी ठरू लागली.

त्याच आदेशाच्या यादीत ‘लैंगिक विकृती’ असाही एक शब्दप्रयोग होता आणि त्याखाली समलिंगी व्यक्तींना नोकरीतून काढले जाई. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये छापलेल्या आजारांच्या पहिल्या सूचीत समलैंगिकता हा मनोविकारच मानलेला होता. म्हणजे विज्ञानाचा शिक्काही तयार होता.

फ्रँक कामेनी हे खगोलशास्त्रज्ञ. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९५६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९५७ मध्ये ते सैन्याच्या नकाशे तयार करणाऱ्या विभागात नोकरीला लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिकेला खगोलशास्त्रज्ञांची गरज होती ती नेमकी तेव्हा. आणि नेमके तेव्हाच कामेनींना समलिंगी असल्यावरून काढून टाकण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकायला नकार दिला. पुढची कित्येक वर्षे त्यांनी इतरांच्या क्लिअरन्सचे खटले लढवण्यात घालवली. खगोलशास्त्राने एक माणूस गमावला तो गमावलाच.

या प्रकरणातला युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. समलिंगी माणूस का धोकादायक? कारण त्याचे गुपित शत्रूला कळले तर शत्रू त्याला धमकावून माहिती काढील. पण ते गुपित का होते? कारण उघड झाले तर नोकरी जाणार होती. म्हणजे धोका नियमानेच निर्माण केला आणि मग त्याच धोक्याकडे बोट दाखवून नियमाचे समर्थन केले! कामेनी तर काहीच लपवत नव्हते. त्यांना धमकावणार कशावरून? शेपूट तोंडात धरून बसलेल्या सापासारखा हा तर्क मानसिक आजाराच्या बाबतीतही जसाच्या तसा वापरला गेला, म्हणून तो लक्षात ठेवू या.

१९७३ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने समलैंगिकता आजारांच्या सूचीतून काढली. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशाने लैंगिक कलावरून क्लिअरन्समध्ये भेदभाव करू नये असे सांगितले. त्याच आदेशात आणखी एक वाक्य होते: केवळ मानसिक समुपदेशन घेतले म्हणून कोणाबद्दल प्रतिकूल निष्कर्ष काढू नये. २००९ मध्ये सरकारने कामेनींची अधिकृत माफी मागितली. २०११ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी एका लघुग्रहाला त्यांचे नाव दिले गेले.

१९९५ चे ते वाक्य चांगलेच होते. पण प्रश्न २१ अर्जात तसाच राहिला.

आता थोडे गणित

समजा, क्लिअरन्स असलेले एक लाख कर्मचारी आहेत. त्यांतले वीस टक्के, म्हणजे २०,००० जण, कधी ना कधी मानसिक तक्रारीसाठी तज्ज्ञाकडे गेले. उरलेले ८०,००० गेले नाहीत. (अमेरिकेत कोणत्याही एका वर्षात पाच प्रौढांमागे एकाला तरी काही ना काही मानसिक विकार असतो असे तिथल्या सरकारी संस्थेचे अंदाज सांगतात. तेव्हा वीस टक्के ही काही फुगवलेली संख्या नव्हे.) पुढे समजा, या लाखात पुढेमागे देशाची गुपिते विकणारे १२ जण आहेत. आणि वादासाठी असेही मानू की तज्ज्ञाकडे गेलेल्यांत हे प्रमाण दुप्पट आहे. खरोखर ते दुप्पट आहे असे म्हणायला आधार नाही. प्रश्न २१ च्या समर्थकांना आपण झुकते माप देत आहोत, एवढेच.

न गेलेल्यांत दर दहा हजारांत एक फितूर धरला तर ८०,००० मध्ये ८ झाले. गेलेल्यांत दर दहा हजारांत दोन, म्हणजे २०,००० मध्ये ४. एकूण १२. हिशेब जुळला.

आता प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या सगळ्यांना घरी पाठवले तर काय होईल? ४ फितूर बाहेर जातील आणि त्यांच्याबरोबर १९,९९६ निर्दोष माणसे. एवढे करून ८ फितूर आत आरामात बसलेले असतील, कारण त्यांचे उत्तर ‘नाही’ होते. एक फितूर पकडण्यासाठी जवळजवळ पाच हजार निर्दोषांचा बळी, आणि तरी दोन तृतीयांश फितूर निसटले!

मुलांना हे सांगितले की ती पहिल्यांदा म्हणतात, ‘पण धोका दुप्पट आहे ना?’ हो, दुप्पट आहे. पण फार लहान संख्येची दुप्पट ही फार लहानच संख्या असते. जी गोष्ट मुळात दुर्मिळ आहे ती शोधण्यासाठी वापरलेली खूण जर सर्वसामान्य असेल, तर ती खूण बहुतेक वेळा चुकीचाच इशारा देते. फळ्यावर दहा मिनिटांत हे दाखवता येते. वीस टक्क्यांच्या जागी दहा घ्या, दुपटीच्या जागी पाचपट घ्या, आणि मुलांनाच उत्तर काढू द्या. पाचपट घेतली तरीही निर्दोषांची संख्या फितुरांच्या कित्येक पट मोठीच राहते.

हे केवळ आमच्या फळ्यावरचे गणित नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने खोटे पकडणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे पॉलिग्राफविषयी, एक अहवाल दिला. त्यात असेच उदाहरण होते. दहा हजार कर्मचारी, त्यांत दहा हेर. यंत्र दहापैकी आठ हेर पकडील इतके कडक लावले, तर त्या आठांबरोबर सुमारे १,६०० निर्दोष लोकही दोषी ठरतात. निर्दोष वाचावेत म्हणून यंत्र सैल सोडले, तर दोषी ठरणारे जेमतेम ४० उरतात, पण त्यांत हेर असतात दोनच, आठ निसटतात. यंत्राची अचूकता पुष्कळच चांगली धरूनही हा निकाल येतो. प्रत्यक्षातही तसेच घडले होते. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात राहून वर्षानुवर्षे रशियाला माहिती विकणारा आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा पॉलिग्राफमधून सहीसलामत सुटला. १९९४ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या बाबतीत डोळ्यांत भरण्याजोगी गोष्ट होती ती दारू, आणि पगारात न बसणारा खर्च.

प्रश्नच उत्तर बदलतो

वरच्या गणितात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती: प्रश्न विचारला तरी लोकांचे वागणे तेच राहते. थर्मामीटर लावल्याने ताप चढत नाही. पण माणसांना प्रश्न विचारणे हे थर्मामीटर लावण्यासारखे नसते.

प्रश्न २१ विचारत होता ‘तज्ज्ञाकडे गेलात का?’ ‘आजारी आहात का?’ असे तो विचारत नव्हता. रात्ररात्र झोप नाही, हातात सतत बाटली, घरात आदळआपट, पण तज्ज्ञाकडे गेला नाही, असा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहू शकत होता. आणि त्रास वेळीच ओळखून चार महिने उपचार घेऊन बरा झालेला माणूस ‘हो’ लिहीत होता. म्हणजे या चाळणीत शहाणा अडकायचा आणि बेफिकीर खाली पडायचा. ज्याला हे कळले त्याने सरळ उपचार घेणे सोडले. तसे होताच चाळणी आणखीच निरुपयोगी झाली.

इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांनी ही गोष्ट ठळकपणे समोर आणली. न्यू इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, युद्धावरून आलेल्या ज्या सैनिकांत मानसिक विकाराची लक्षणे आढळली त्यांपैकी २३ ते ४० टक्क्यांनीच उपचार घेतल्याचे दिसले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, बदनामीची आणि नोकरीवरच्या परिणामाची भीती लक्षणे असलेल्यांत इतरांच्या सुमारे दुप्पट होती. ज्याला गरज जास्त, त्यालाच भीती जास्त. २००८ मध्ये रँड या संस्थेने केलेल्या अभ्यासात युद्धावरून परतलेल्या सुमारे तीन लाख सैनिकांना नैराश्य किंवा आघातोत्तर ताणविकार असल्याचा अंदाज दिला होता. त्यांतल्या जेमतेम निम्म्यांनी उपचारांसाठी पाऊल उचलले होते.

त्याच वर्षी, १ मे रोजी, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे जाहीर केले की, युद्धाच्या अनुभवातून आलेल्या त्रासासाठी घेतलेले समुपदेशन प्रश्न २१ मध्ये यापुढे सांगायची गरज नाही. स्वतःच्या हिंसक वर्तनाशी संबंध नसलेले कौटुंबिक समुपदेशन आणि जिवलगाच्या मृत्यूनंतरचे समुपदेशन यांनाही सूट होती. २०१३ मध्ये लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्यांना तशीच सूट दिली गेली. अत्याचार सोसल्यावर मदत घेतली म्हणून त्या बाईला सरकारी अर्जात त्याचा खुलासा करावा लागत होता, हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

वैमानिकांच्या बाबतीतही हेच पाहायला मिळते. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने मुद्दाम आल्प्स पर्वतावर आदळले. १५० माणसे मेली. त्याला काम करू नये असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. ते त्याने कंपनीपासून लपवले. चौकशी करणाऱ्यांनी आपल्या अहवालात परवाना आणि उत्पन्न जाण्याच्या भीतीचा मुद्दा स्पष्टपणे मांडला. अशी घटना घडली की ‘नियम आणखी कडक करा’ अशी पहिली ओरड होते. पण कडक नियमाची भीती हेच जर लपवण्याचे कारण असेल, तर आणखी कडक नियमाने काय साधेल?

मग काहीच विचारू नये का?

असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १६ सप्टेंबर २०१३ रोजी वॉशिंग्टनमधल्या नौदलाच्या आवारात एका कंत्राटी कर्मचाऱ्याने गोळ्या झाडून बारा जणांना ठार केले. तोही मारला गेला. त्याच्याकडे ‘गुप्त’ पातळीचा क्लिअरन्स होता. महिनाभर आधी त्याने ऱ्होड आयलंडमधल्या पोलिसांना सांगितले होते की काही लोक आपला पाठलाग करताहेत, हॉटेलच्या भिंतीतून सूक्ष्मलहरी सोडताहेत, आवाज ऐकू येतात. पोलिसांनी ही गोष्ट नौदलाच्या तळावर कळवलीही होती. त्याच्या कंपनीने दोन दिवस त्याचा प्रवेश थांबवला आणि पुन्हा सुरू केला. त्याआधी कित्येक वर्षे त्याने एका मोटारीच्या टायरवर गोळ्या झाडल्या होत्या. चौकशीच्या अहवालात टायरमधली हवा घालवल्याचा उल्लेख आला, बंदुकीचा आला नाही.

आता पाहा, प्रश्न २१ इथे काय करणार होता? २००८ मध्ये क्लिअरन्स मिळताना सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही असल्याचे दिसत नाही. घटनेच्या काही दिवस आधी तो माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेला होता, पण झोप येत नाही एवढीच तक्रार त्याने केली. नैराश्य, चिंता, कोणाला इजा करण्याचा विचार, सगळ्याला नकार दिला. इशारे होते, आणि चांगले ढळढळीत होते. पण ते त्याच्या वागण्यात होते आणि त्या क्षणाचे होते. दहा वर्षांनी एकदा भरायच्या अर्जात ते सापडणे शक्यच नव्हते. म्हणून पुढच्या काळात अमेरिकेने एकदा तपासून सोडून देण्याऐवजी सतत लक्ष ठेवण्याची पद्धत आणली. अटक, न्यायालयीन प्रकरणे, मोठी कर्जे यांच्या नोंदी संगणकावर नित्य तपासल्या जातात. २०२१ पर्यंत संरक्षण खात्याची क्लिअरन्सधारक माणसे या पद्धतीखाली आली. या पद्धतीत खासगीपणाचे काय होते हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो लहान नाही.

नवा प्रश्न

नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रश्न २१ पूर्ण बदलला. ‘तज्ज्ञाकडे गेलात का?’ हे गेले. त्याऐवजी पाच गोष्टी विचारल्या जाऊ लागल्या. न्यायालयाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे का? न्यायालयाने किंवा प्रशासनाने तज्ज्ञाकडे जाण्याचा आदेश दिला होता का? मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल झाला होता का? काही ठराविक निदानांपैकी एखादे झाले आहे का? यांत छिन्नमनस्कता, भ्रमविकार, उन्माद-अवसाद असे आलटून पालटून येणारा द्विध्रुवी विकार, बॉर्डरलाइन आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार ही नावे आहेत. आणि शेवटी, निर्णयशक्तीवर किंवा भरवशावर ठळक परिणाम करणारा एखादा विकार आहे का? साधे नैराश्य, चिंता, घटस्फोटानंतरचे समुपदेशन या गाळणीत सहसा अडकत नाही.

८ जून २०१७ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक स्थितीच्या मुद्द्याखाली १९९५ चे ते वाक्य आलेच आहे. शिवाय अर्जदाराच्या बाजूने काय धरावे तेही दिले आहे. विकार औषधोपचारांनी आटोक्यात राहणारा आहे आणि माणूस उपचार नियमित घेतो. आपण होऊन तो मदत घ्यायला गेला. सरकारला मान्य असलेल्या तज्ज्ञाचे ताजे मत अनुकूल आहे. त्रास एका प्रसंगापुरता होता आणि प्रसंग सरला. उपचार घेणे ही इथे जमेची बाजू झाली आहे. उलट, ठरवून दिलेली औषधे न घेणे ही काळजीची बाब म्हणून नोंदलेली आहे. पूर्वीच्या समजुतीला हा सरळ छेद आहे.

तज्ज्ञाकडे चौकशी करायची वेळ आलीच तर अर्जदाराच्या लेखी संमतीने करतात, आणि विचारायचे प्रश्नही मोजके असतात. या व्यक्तीला निर्णयशक्ती, भरवसा किंवा गुप्त माहिती सांभाळण्याची क्षमता यांना बाधा आणणारा विकार आहे का? असल्यास कसला आणि किती? पुढे काय होईल असे वाटते, आणि उपचार केव्हा झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर बोलणे तिथेच संपावे अशी कल्पना आहे. तासन् तास चाललेल्या संभाषणांच्या वह्या कोणी मागत नाही.

प्रत्यक्षात किती जणांना नकार मिळतो? संरक्षण खात्याच्या ज्या संस्थेकडे हे काम आहे तिने २०१२ ते २०२० या काळातल्या सुमारे ५४ लाख निर्णयांचा हिशेब दिला. त्यांत मानसिक बाबींचा उल्लेख असलेली प्रकरणे ९७ हजारांच्या आसपास होती. निव्वळ मानसिक कारणावरून क्लिअरन्स नाकारला किंवा काढून घेतला अशी माणसे शंभरसुद्धा भरली नाहीत. इतर कारणेही जोडीला असलेली प्रकरणे या आकड्यात धरलेली नाहीत, हे मात्र विसरू नये. ‘निव्वळ’ या शब्दात पुष्कळ काही दडलेले असू शकते. मोठ्या निदानाची नोंद असलेल्या माणसाला महिनोन्महिने थांबावे लागते, जादा कागद द्यावे लागतात, पुन्हा तपासणी होते. नकाराच्या आकड्यात ही दगदग दिसत नाही.

लपवणे मात्र महाग पडते. अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा तिथे पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि त्याचा स्वतंत्र मुद्दा तेरा मुद्द्यांत आहेच. नैराश्याची नोंद सहसा निस्तरते, खोटेपणाची निस्तरणे कठीण. तिकडे असलेली आपली भाचरे-पुतणी फोनवर विचारतील तेव्हा एवढे नक्की सांगता येईल.

तरी भीती गेलेली नाही. नियम एका रात्रीत बदलता येतो. पण ‘त्याच्या साहेबाने त्याला बाजूला काढले’ ही कॅन्टीनमधली गोष्ट वीस वर्षे टिकते, आणि ती खोटीच असते असेही नाही. क्लिअरन्स शाबूत राहूनही बढती अडू शकते.

आपल्याकडे

भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की, पूर्वी घेतलेले उपचार किंवा रुग्णालयातला मुक्काम संदर्भ म्हणून पाहता येईल, पण केवळ त्यावरून एखादी व्यक्ती आज किंवा पुढे मानसिक रुग्ण असल्याचे ठरवता येणार नाही. समुपदेशकाला घाबरणाऱ्या पालकांना हे कलम वाचून दाखवायला हरकत नाही. अर्थात चारित्र्य पडताळणी करणाऱ्या प्रत्येक कचेरीत हे कलम पोहोचले आहे, असा दावा आम्ही करणार नाही.

१७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. या अधिकाऱ्याला २००९ पासून मंत्रचळ आणि नैराश्य यांचा त्रास होता. त्याच्या वागण्यावरून खात्याने शिस्तभंगाची कारवाई सुरू केली होती. मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीवर अशी कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरतो असे सांगून न्यायालयाने ती रद्द केली. सध्याच्या कामाला तो अपात्र ठरला तर त्याचा पगार आणि सेवाशर्ती राखून त्याला दुसरे काम द्यावे, आणि ते काम बंदुका किंवा इतर धोकादायक साधने हाताळण्याचे नसेल अशी काळजी घ्यायला खाते मोकळे राहील, असेही न्यायालयाने त्याच निकालात लिहिले.